प्रोसिजरला कुठले पॅरामीटर लागतात, हे डेटाबेसलाच विचारता येतं का?

मखमलाबादची_माई | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. अंबडच्या बाजूला एका द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये मी संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक प्रिंटर आणि हंगामापुरता येणारा एक मुलगा.

आमचं सगळं मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवर आहे. प्लॉटची नोंद, क्रेटचं वजन, प्रीकूलिंगच्या खोल्या, कंटेनरची पॅकिंग लिस्ट, सगळं स्टोअर्ड प्रोसिजरमधून, म्हणजे डेटाबेसच्या आतच नाव देऊन साठवलेल्या कोडमधून चालतं. ज्याने हे बांधलं तो मुलगा चार वर्षं होता, आता हिंजवडीला गेला. मागे ठेवून गेला १८६ प्रोसिजर, ४१ फंक्शन आणि शून्य कागद.

आता वरचं ॲप नव्याने लिहायला दिलंय. त्या मंडळींना शुक्रवारपर्यंत यादी हवी आहे: प्रत्येक प्रोसिजरचे पॅरामीटर (तिला द्यायच्या किंवा तिच्याकडून घ्यायच्या किमती) कोणते, कुठल्या क्रमाने, प्रकार काय, आत जाणारे की बाहेर येणारे. मी दोन दिवस वर्कबेंचमध्ये एकेक प्रोसिजर उघडून पहिल्या चार ओळी एक्सेलमध्ये उतरवतेय. ३७ झाल्या. हाताला मुंग्या आल्या. याला काही शहाणा मार्ग आहे का? पहिलं बरोबर उत्तर देणाऱ्याला हंगामात थॉमसनची एक पेटी.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९.५२

पेटी लिहून ठेवा, माई.

काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय तुमचा. प्रोसिजर बनवली तेव्हाच सर्व्हरने तिचे पॅरामीटर आपल्या वहीत टिपून घेतलेले असतात. त्या वहीचं नाव इन्फर्मेशन_स्कीमा, आणि तिच्यातलं पान पॅरामीटर्स. (मंचाच्या नियमामुळे क्वेरीसुद्धा देवनागरीत लिहितोय. चालवताना रोमन लिपीत उतरवून घ्या, नाहीतर सर्व्हर तुमच्याशी बोलणार नाही.)

सिलेक्ट स्पेसिफिक_नेम, ऑर्डिनल_पोझिशन, पॅरामीटर_मोड, पॅरामीटर_नेम, डीटीडी_आयडेंटिफायर
फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.पॅरामीटर्स
व्हेअर स्पेसिफिक_स्कीमा = 'तुमच्या डेटाबेसचं नाव'
ऑर्डर बाय रूटीन_टाइप, स्पेसिफिक_नेम, ऑर्डिनल_पोझिशन;

डेटा_टाइप नावाचाही कॉलम आहे, पण तो मुद्दाम घेतला नाही. त्यात नुसतं 'डेसिमल' किंवा 'इंट' येतं. डीटीडी_आयडेंटिफायरमध्ये पूर्ण प्रकार येतो: डेसिमल(१०,२), इंट अनसाइन्ड वगैरे. अनसाइन्ड आहे की नाही हे डेटा_टाइप बघून कधीच कळत नाही, आणि नवं ॲप लिहिणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

---

चहाबाज | सोमवार, रात्री १०.०५

३७ हाताने उतरवल्या? माई, तुमच्या चिकाटीला सलाम. आमच्याकडे असतं तर हंगामी मुलाला सांगितलं असतं.

---

मखमलाबादची_माई | सोमवार, रात्री १०.२०

@चहाबाज, हंगामी मुलगा जानेवारीत येतो.

@गोदाकाठ, चालवली. चूक काही दाखवत नाही, पण एकही ओळ येत नाही. डेटाबेसचं नाव तीनदा तपासलं. पेटी तूर्तास शीतगृहात.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.३१

कुठल्या लॉगिनने गेलात? रिपोर्ट काढायचं लॉगिन असेल, ज्याला फक्त टेबलं वाचायची परवानगी आहे, तर असंच होणार. ज्या रूटीनवर (म्हणजे प्रोसिजर किंवा फंक्शनवर) तुमचा काहीच अधिकार नाही तिच्या ओळी मायएसक्यूएल गुपचूप गाळतं. 'परवानगी नाही' असं तोंडावर सांगत नाही, रिकामं ताट पुढे करतं. बघणाऱ्याला वाटतं, प्रोसिजरच नाहीत.

८.०.२० पासून यासाठी शो_रूटीन नावाची वेगळी परवानगी आली. ती सगळ्या सर्व्हरपुरती असते, एका डेटाबेसपुरती देता येत नाही. पण तिने फक्त रूटीनची माहिती वाचता येते, डेटाला धक्का लागत नाही. त्याआधी दुसऱ्याने बनवलेल्या रूटीनचा मजकूर वाचायलाही सगळ्या सर्व्हरवर सिलेक्ट द्यावं लागायचं, म्हणजे कोड बघायला आलेल्याच्या हातात पगारपत्रकही. ज्याच्याकडे रूट (सर्व्हरचं मुख्य लॉगिन) आहे त्याच्याकडून शो_रूटीन घ्या.

---

दुसरी_पाळी | मंगळवार, पहाटे १.१५

सातपूरला कारखान्यात दुसरी पाळी संपवून आलोय, म्हणून ही वेळ. आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर. तिथे सिस.पॅरामीटर्स नावाचा व्ह्यू आहे आणि त्यात हॅज_डिफॉल्ट_व्हॅल्यू असा गोड कॉलम आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

झालं असं की मी एक छोटं टूल बनवलं. प्रोसिजर निवडा, टूल पॅरामीटरचा फॉर्म तयार करतं, ज्यांना डिफॉल्ट (न दिल्यास आपोआप धरायची किंमत) आहे ते ऐच्छिक आणि बाकीचे लाल फुली मारून सक्तीचे. सगळ्या फॉर्मवर सगळ्याच खणांना लाल फुली. ऑपरेटर वैतागले, साहेबांनी विचारलं हे काय. दोन दिवस माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो. तिसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टची माहिती नीट वाचली: टी-एसक्यूएलमध्ये (एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या भाषेत) लिहिलेल्या प्रोसिजरसाठी हा कॉलम कायम शून्यच असतो. डिफॉल्टची नोंद फक्त सीएलआरच्या (डॉटनेटमध्ये लिहिलेल्या) रूटीनसाठी ठेवतात. आपल्याला हवं असेल तर सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्समधून प्रोसिजरचा मजकूर काढायचा आणि त्यात 'बरोबर'ची खूण शोधत फिरायचं.

आणि मॅक्स_लेंग्थ हे बाइटमध्ये असतं. एनव्हारकॅर(५०) ला तिथे १०० दिसतं, मॅक्स असेल तर उणे एक. मी आधी १०० अक्षरांचा खण केला होता. विचारू नका.

---

निवृत्त_टेबल | मंगळवार, सकाळी ६.५०

पोरांनो, रात्री झोपत जा.

मी ओरॅकलवर तेवीस वर्षं काढली. तिथे इन्फर्मेशन स्कीमा नाही. ती कल्पना १९९२ च्या एसक्यूएल मानकातली, पण ओरॅकलने आपला स्वतःचा डेटा डिक्शनरीचा संसार आधीच थाटला होता. पॅरामीटरसाठी यूझर_आर्ग्युमेंट्स, ऑल_आर्ग्युमेंट्स, डीबीए_आर्ग्युमेंट्स. स्वतःचे, दिसतील तेवढे, सगळे. पॅकेजमधल्या (एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातल्या) प्रोसिजरचं नाव ऑब्जेक्ट_नेममध्ये आणि पॅकेजचं पॅकेज_नेममध्ये. नवी मुलं ऑब्जेक्ट_नेममध्ये पॅकेजचं नाव टाकून शोधतात आणि काही सापडत नाही म्हणून माझ्याकडे यायची. दुसरं म्हणजे, अवतरणात घालून न बनवलेली सगळी नावं तिथे मोठ्या लिपीत साठवलेली असतात. व्हेअरमध्ये छोट्या लिपीत लिहिलंत की रिकामं ताट, वर गोदाकाठ यांनी म्हटलं तसंच.

एका पॅकेजमध्ये एकाच नावाच्या दोन प्रोसिजर असू शकतात, त्यासाठी ओव्हरलोड हा कॉलम बघायचा. आणि जुन्या आवृत्त्यांत रेकॉर्ड प्रकारचा पॅरामीटर असेल तर त्याच्या पोटातली फील्डंसुद्धा वेगळ्या ओळी म्हणून यायची. डेटा_लेव्हल शून्य असलेल्याच ओळी खऱ्या पॅरामीटरच्या. एकदा आमच्या एका शिकाऊ मुलाने साहेबांना सांगितलं होतं की या प्रोसिजरला ६४ पॅरामीटर आहेत. होते तीन.

डिफॉल्ट आहे की नाही हे मात्र ओरॅकल डिफॉल्टेड कॉलममध्ये सरळ सांगतं. सातपूरकरांनी नोंद घ्यावी.

---

दुसरी_पाळी | मंगळवार, सकाळी ७.३०

घेतली काका. जखमेवर मीठ मिळालं.

---

मखमलाबादची_माई | मंगळवार, दुपारी १२.१०

मिळाली परवानगी! एका क्लिकमध्ये ८१२ ओळी. दोन दिवसांचं काम डोळ्यांसमोर वाया गेलेलं बघितलं, पण आनंद जास्त झाला.

आता दोन शंका.

एक, ४१ ओळी विचित्र आहेत. ऑर्डिनल_पोझिशन शून्य, नाव रिकामं, मोड रिकामा, पण प्रकार भरलेला. कुठे काही बिघडलंय का?

दोन, प्रोसिजर १८६ आहेत हे मला नक्की माहीत आहे. या यादीत प्रोसिजरची वेगवेगळी नावं मोजली तर १६७ च. १९ कुठे गेल्या?

---

हत्तीवाला | मंगळवार, दुपारी १२.२५

४१ हा आकडा पहिल्या पोस्टमध्ये कुठे वाचला ते आठवा :)

---

मखमलाबादची_माई | मंगळवार, दुपारी १२.२७

अय्या! ४१ फंक्शन.

---

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १.०५

बरोबर. शून्य क्रमांकाची ओळ म्हणजे फंक्शन जे परत देतं ते. त्याला नाव नसतं, इन-आउटचा प्रश्नच नसतो. नुसते पॅरामीटर हवे असतील तर ऑर्डिनल_पोझिशन शून्यापेक्षा मोठी अशी अट घाला. पण तुमच्या यादीत ती ओळ असू द्या, फंक्शन काय परत देतं हे त्या लोकांना लागेलच.

आता १९ हरवलेल्या. ज्या प्रोसिजरला एकही पॅरामीटर नाही तिची पॅरामीटर्समध्ये ओळ कशी असणार? रात्रीचं क्लोजिंग, तात्पुरती टेबलं साफ करणं, अशा असतील. म्हणून सुरुवात इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्सपासून करायची आणि पॅरामीटर्सला लेफ्ट जॉइन लावायचा, म्हणजे पॅरामीटर नसले तरी रूटीनची ओळ राहते. जॉइनमध्ये तीन गोष्टी जुळवा: स्कीमा, स्पेसिफिक_नेम आणि रूटीन_टाइप. तिसरी बहुतेक जण विसरतात. मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाची एक प्रोसिजर आणि एक फंक्शन सुखाने नांदू शकतात, मग प्रकार न जुळवता जॉइन केलं की एकीचे पॅरामीटर दुसरीच्या पदरात.

---

चहाबाज | मंगळवार, दुपारी १.२०

एकाच नावाचे दोघं, एकमेकांचा माल पदरात... पिंपळगावच्या मार्केटात रोजचं आहे.

---

अजगर | मंगळवार, दुपारी २.४५

माई, ही यादी पायथनने काढणार असाल तर एक खड्डा आधीच दाखवतो. मायएसक्यूएल ८ मध्ये इन्फर्मेशन_स्कीमातल्या कॉलमांची नावं उत्तरात मोठ्या लिपीत येतात, तुम्ही क्वेरीत छोट्या लिपीत लिहिली असली तरी. ५.७ मध्ये तुम्ही लिहाल तशी यायची. आमची एक स्क्रिप्ट ५.७ वर वर्षानुवर्षं चालत होती, ८ वर गेल्यावर पहिल्याच ओळीला 'अशी की सापडली नाही' म्हणून आडवी. उपाय सोपा आहे, प्रत्येक कॉलमला ॲज लावून आपलं नाव द्या. मग आवृत्ती कुठलीही असो.

---

गिटार_नाही_गिट | मंगळवार, संध्याकाळी ६.००

मला हा धागाच कळला नाही. प्रोसिजरचा कोड गिटमध्ये (कोडच्या फाइली आणि त्यातले बदल सांभाळणाऱ्या टूलमध्ये) असायला हवा. फाइल उघडली की पहिल्या ओळीत पॅरामीटर. सर्व्हरच्या पोटात हात घालून माहिती काढायची वेळ येते म्हणजे काम करण्याची पद्धतच चुकलेली आहे. आजाराऐवजी तापावर औषध चाललंय.

---

दुसरी_पाळी | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

काडी टाकली. मी पॉपकॉर्न आणतो.

---

कॉफीवाली | मंगळवार, रात्री ८.३०

@गिटार_नाही_गिट, तत्त्वाला हरकत नाही. पण गिटमध्ये काय *असावं* हे असतं, सर्व्हरवर काय *आहे* ते नसतं. रात्री अडीचला कंटेनर गेटवर उभा असताना थेट लाइव्हवर केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी गिटमध्ये टाकणारा माणूस मला दाखवा, मी त्याला रामकुंडावर पेढे वाटीन.

आम्ही दोन्ही करतो. कोड गिटमध्ये आहेच. शिवाय दर सोमवारी टेस्ट आणि लाइव्ह दोन्हीकडून हीच पॅरामीटर्सची यादी फाइलमध्ये काढायची आणि दोन फाइली ताडून बघायच्या. फरक दिसला की कोणीतरी रात्री काहीतरी केलंय. गेल्या वर्षभरात चार वेळा पकडलंय. त्यातला एक पॅरामीटर व्हारकॅर(२०) चा व्हारकॅर(१५) झाला होता.

रच्याकने, जावावाल्यांसाठी: जेडीबीसीमध्ये (जावातून डेटाबेसशी बोलण्याच्या सोयीत) डेटाबेसमेटाडेटाकडे गेट-प्रोसिजर-कॉलम्स आणि गेट-फंक्शन-कॉलम्स आहेत, डेटाबेस कुठलाही असो. पण मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये नो-ॲक्सेस-टू-प्रोसिजर-बॉडीज नावाची एक खुंटी आहे. ती चालू असेल आणि लॉगिनला प्रोसिजरचा मजकूर बघता येत नसेल, तर ड्रायव्हर कामचलाऊ माहिती बनवतो: सगळे पॅरामीटर इनआउट, सगळे व्हारकॅर. माईंनी ती यादी पुढे पाठवली असती तर द्राक्षाचं वजनही व्हारकॅर झालं असतं.

---

गिटार_नाही_गिट | मंगळवार, रात्री ९.१५

सोमवारी ताडून बघायची कल्पना चांगली आहे. तेवढ्यापुरता सहमत. बाकी मताशी ठाम.

---

निवृत्त_टेबल | मंगळवार, रात्री ९.४०

मताशी ठाम राहा, पण बॅकअप तपासा. मायएसक्यूएलडंप हे बॅकअपचं टूल आपणहून रूटीन घेत नाही, त्याला रूटीन्सचा पर्याय सांगावा लागतो. एका ठिकाणी सर्व्हर बसला, बॅकअपमधून उभा केला, टेबलं सगळी आली, प्रोसिजर एकही नाही. त्या दिवशी तिथली मंडळी गिटवाल्याच्या पाया पडली असती, पण गिटही नव्हतं.

---

हत्तीवाला | बुधवार, सकाळी १०.००

पोस्टग्रेसबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझे दोन पैसे. नाव बघून ओळखलंच असेल, पोस्टग्रेसचं चिन्हच हत्ती.

इन्फर्मेशन_स्कीमा.पॅरामीटर्स पोस्टग्रेसमध्येही आहे, मानकाप्रमाणेच. पण स्पेसिफिक_नेम बघून दचकू नका. एका नावाची अनेक फंक्शन्स वेगवेगळ्या पॅरामीटरसकट असू शकतात, म्हणून तिथे नावाच्या शेपटीला एक क्रमांक जोडलेला असतो. साधं नाव हवं तर रूटीन्सशी जॉइन करा. फंक्शन काय परत देतं तेही रूटीन्समध्येच, माईंना दिसली तशी शून्य क्रमांकाची ओळ इथे नाही.

यापेक्षा महत्त्वाचं असं की व्हारकॅर(२०) असा पॅरामीटर लिहिलात तर ते २० पोस्टग्रेस फेकून देतं. पॅरामीटरच्या प्रकाराला लांबी चिकटतच नाही. मेटाडेटात (सर्व्हरच्या त्या वहीत) शोधून उपयोग नाही, कारण ती कुठेच साठवलेली नाही. 'आमची लांबी दिसत नाही' म्हणून लोक क्वेरीला दोष देतात, आणि मग कळतं की इतकी वर्षं वीसपेक्षा मोठी नावंही बिनदिक्कत आत जात होती.

मी स्वतः तिकडे फारसा जात नाही. पीजी_गेट_फंक्शन_आर्ग्युमेंट्सला फंक्शनचा ओआयडी (पोस्टग्रेसने दिलेला अंतर्गत क्रमांक) दिला की नाव, प्रकार, मोड, डिफॉल्ट सगळं एका ओळीत हातात येतं. पीजी_प्रोकमध्ये हात घालणार असाल तर प्रोआर्गमोड्स रिकामा दिसला म्हणून घाबरू नका, सगळे पॅरामीटर इन असले की तो रिकामाच ठेवतात. नुसतं नजरेखालून घालायचं तर पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड लाइनवर) बॅकस्लॅश डीएफ.

---

पिंपळगावकर | बुधवार, दुपारी ३.२०

सगळं वाचलं. धागा वाचनखुणेत. आता आमच्याकडचा एक किस्सा, कारण पॅरामीटरचा क्रम हा विषय काळजाला लागलाय.

एका कांदा व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो, मायएसक्यूएलच. खरेदीची प्रोसिजर: शेतकरी, क्विंटल, भाव. क्विंटल डेसिमल(१०,२), भावही डेसिमल(१०,२). नवीन स्क्रीन करणाऱ्याने क्रम उलटा पाठवला, आधी भाव आणि मग क्विंटल. आता गंमत बघा. १८.४० क्विंटल, भाव १,६५० रुपये, पट्टी झाली ३०,३६०. उलटं केलं तरी ३०,३६०! गुणाकार दोन्हीकडून सारखाच. शेतकऱ्याला पैसे बरोबर, पट्टी बरोबर, हिशेब बरोबर. आठ दिवस कोणालाच पत्ता नाही.

मग शेठजींनी साठा बघितला. एका शेतकऱ्याच्या नावावर गोदामात १,६५० क्विंटल कांदा, भाव १८ रुपये ४० पैसे. शेठ म्हणाले, "एवढा कांदा माझ्या खळ्यात असता तर मी तुला पगार दिला असता का?"

ओरॅकल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर या तिघांत प्रोसिजर बोलावताना पॅरामीटरचं नाव घेऊन किंमत देता येते. मायएसक्यूएलच्या कॉलमध्ये नाव घेताच येत नाही, फक्त जागा. म्हणून माई, तुमच्या यादीत ऑर्डिनल_पोझिशनचा कॉलम सगळ्यात आधी आणि ठळक ठेवा. तिकडच्या मुलाने एक्सेलमध्ये नावाप्रमाणे सॉर्ट केलं की संपलं.

---

चहाबाज | बुधवार, दुपारी ३.४०

शेठजींचं वाक्य फ्रेम करून लावतो.

अवांतर: पिंपळगावला जाताना उजव्या हाताला जी मिसळ मिळते ती अजून तशीच आहे का? पापड वेगळा घ्यावा लागतो तीच.

---

पिंपळगावकर | बुधवार, दुपारी ३.५५

तशीच आहे. रस्सा दुसऱ्यांदा मागितला की आता बघतात आपल्याकडे, एवढाच फरक.

---

दुसरी_पाळी | बुधवार, संध्याकाळी ५.१०

मिसळीत डिफॉल्ट तिखट असतं, मेटाडेटात दिसत नाही. आमच्या सर्व्हरसारखंच.

---

निवृत्त_टेबल | बुधवार, संध्याकाळी ५.३०

मिसळीचा धागा वेगळा आहे, तिकडे जा. निफाडला पहाटे बागांत शेकोट्या पेटायला लागल्या की मग बघू मिसळ.

---

मखमलाबादची_माई | गुरुवार, सकाळी ११.००

मिसळीवरून परत मुद्द्यावर आणते.

लेफ्ट जॉइन केला, १९ सापडल्या. ८१२ अधिक १९ अशा ८३१ ओळींची एक्सेल तयार झाली. पिंपळगावकर, तुमचा किस्सा वाचून मी आमच्या क्रेटच्या प्रोसिजरकडे धावत गेले. भरलेलं वजन आणि रिकामं वजन, दोन्ही डेसिमल(८,३), शेजारीशेजारी. आमच्याकडे निदान वजाबाकी आहे, उलटं झालं तर उणे दिसेल.

पण आता खरी अडचण. यादी तिकडे अर्धवट दाखवली तर पहिला प्रश्न आला: "पी_तात्या म्हणजे काय?"

२३ प्रोसिजरमध्ये पी_तात्या आहे. मेटाडेटा म्हणतो: इन, टायनीइंट. शिवाय पी_फ्लॅग, पी_फ्लॅग२ आणि पी_फ्लॅग_नवा. पॅरामीटरचा अर्थ कुठे लिहिलेला असतो का हो?

---

गोदाकाठ | गुरुवार, सकाळी ११.२०

मायएसक्यूएलमध्ये पूर्ण रूटीनला एक कॉमेंट देता येते, ती रूटीन्समध्ये रूटीन_कॉमेंट या कॉलमात दिसते. एकेका पॅरामीटरला कॉमेंट देण्याची सोय नाही. रूटीन_कॉमेंट बघून घ्या, पण ज्याने पी_तात्या नाव ठेवलं त्याने तिथे काही लिहिलं असेल अशी आशा नको.

---

दुसरी_पाळी | गुरुवार, सकाळी ११.४५

इथे आमचा सर्व्हर जिंकला! एक्स्टेंडेड प्रॉपर्टी म्हणून जे असतं ते थेट पॅरामीटरच्या पातळीवर लावता येतं. वर्णन लिहा, सिस.एक्स्टेंडेड_प्रॉपर्टीजमधून वाचा.

आमच्या कारखान्यात आजवर कोणी लिहिलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

---

कॉफीवाली | गुरुवार, दुपारी १२.३०

पी_तात्याचा शोध कोडमध्येच. रूटीन्सच्या रूटीन_डेफिनिशनमध्ये लाइक लावून हा शब्द कुठे कुठे वापरलाय ते काढा. इफ पी_तात्या बरोबर एक, तर पुढे काय होतं? त्यावरून अंदाज येईल. आणि रूटीन_डेफिनिशन रिकामं दिसलं तर पुन्हा परवानगीच.

---

गिटार_नाही_गिट | गुरुवार, दुपारी १२.५०

किंवा हिंजवडीला फोन.

---

चहाबाज | गुरुवार, दुपारी १२.५२

गिटवाल्यांचं पहिलं वाक्य जे मला पूर्ण पटलं.

---

मखमलाबादची_माई | गुरुवार, रात्री ८.४५

दोन्ही केलं. आधी कोड पाहिला: पी_तात्या एक असेल तर युरोपच्या मालाची रेसिड्यू (फवारणीच्या औषधाचे उरलेले अंश) तपासणीची तारीख न बघता माल पुढे जातो. पोटात गोळा आला. म्हटलं हे काय भलतंच.

मग फोन केला. तो हसायलाच लागला. तात्या म्हणजे आमच्या मालकांचे वडील. सुरुवातीला स्थानिक बाजाराचा माल आणि निर्यातीचा माल एकाच प्रोसिजरमधून जायचा. मुंबईच्या मार्केटला जाणाऱ्या मालाला ती तारीख लागत नाही, आणि कुठला माल मुंबईला जाणार हे तात्या ठरवायचे. म्हणून पी_तात्या. "ताई, मला दुसरं नाव सुचलंच नाही, ते समोर खुर्चीत बसलेले असायचे." पुढे निर्यातीच्या प्रोसिजर वेगळ्या केल्या तेव्हा हा पॅरामीटर कॉपी होऊन तसाच राहिला, स्क्रीनवरून कायम शून्य जातो. नव्या ॲपवाल्यांनी चुकून एक पाठवला असता म्हणजे? निर्यातीच्या १४ प्रोसिजरमधून तो आता काढून टाकतोय, त्याच्यासमोर, फोनवर.

पी_फ्लॅग२ बद्दल विचारलं. तो म्हणाला, "ते मलाही आठवत नाही."

---

निवृत्त_टेबल | गुरुवार, रात्री ९.३०

काढाल तेव्हा ध्यानात ठेवा, मधला पॅरामीटर गेला की पुढच्या सगळ्यांचा ऑर्डिनल एकाने खाली येतो. जुनं ॲप अजून चालू आहे ना? ते जुन्याच संख्येने बोलावेल आणि सर्व्हर 'पॅरामीटरची संख्या चुकली' म्हणून परत पाठवेल. हंगामाच्या तोंडावर नको. तूर्त पॅरामीटर राहू द्या, आतली इफ काढा.

---

मखमलाबादची_माई | गुरुवार, रात्री ९.४२

काका, वाचवलंत. इफच काढते.

---

मखमलाबादची_माई | शुक्रवार, संध्याकाळी ६.१५

यादी पाठवली. ८३१ ओळी, क्रम पहिल्या कॉलमात ठळक, अर्थाचा कॉलम जमेल तेवढा मराठीत भरलेला. पी_फ्लॅग२ पुढे 'शून्य पाठवा, कारण विचारू नका' असं लिहिलंय.

तिकडून दहा मिनिटांत उत्तर आलं: "थँक्स मॅडम, हीच यादी पीडीएफमध्ये मिळेल का?"

---

दुसरी_पाळी | शुक्रवार, संध्याकाळी ६.२०

द्या आणि प्रिंट काढून स्कॅन केलेली द्या.

---

गोदाकाठ | शुक्रवार, संध्याकाळी ७.००

माई, पेटीचं तेवढं बघा.

---

मखमलाबादची_माई | शुक्रवार, संध्याकाळी ७.१०

एक तुमची, एक काकांची. नाव, पत्ता, पिनकोड, याच क्रमाने व्यनि करा. मायएसक्यूएलवाली आहे मी, नाव घेऊन पाठवलेलं चालत नाही.